उस्मानाबादीची वेलांटी

मी मथळा. वर्तमानपत्रातला नव्हे, ते आमचे थोरल्या घरचे. मी एका वेबसाइटच्या एका पानाचा मथळा. तुम्ही फोनात काही शोधता, निळ्या अक्षरांच्या ओळी एकाखाली एक येतात, तुम्ही त्या वर सरकवत जाता आणि एखाद्या ओळीशी थबकता. ती ओळ म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी. पानाच्या आत आम्ही राहत नाही. आम्ही बाहेर, दारावर. आतला माल कसा आहे ते आम्हाला ठाऊक नसतं, पण गिऱ्हाईक आत यायचं की पुढं जायचं हे आमच्याकडं बघून ठरवतं.

मी शेळ्यांच्या पानाचा मथळा आहे आणि मी अजून एकही शेळी पाहिलेली नाही. तिला किती पाय असतात हेसुद्धा ऐकीव. ऐकतो कसा, असं विचाराल, तर मी फोनात असतो आणि फोनला कान असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

माझे मालक लोहाऱ्याचे आयुबभाई. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण बाजारात. शेळीच्या जबड्यात बोट घालून वय सांगणारा माणूस. टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा घरात बसून करायचं काय, म्हणून त्यांनी व्हिडिओ बघून बघून वेबसाइट उभी केली. तयार सांगाडा फुकट मिळतो, त्यात आपली पानं भरत जायची. सांगाडा सगळ्यांचा सारखाच, पण त्याच्या पोटात एक फाइल असते. तिच्यात चार ओळी आपल्या हातानं लिहिल्या की सांगाडा आपल्यासारखा वागायला लागतो. आयुबभाईंना त्या फाइलीचा नाद लागला. एकदा त्यांनी ओळीच्या शेवटी अर्धविरामाऐवजी पूर्णविराम दिला आणि सगळी वेबसाइट पांढरीफटक पडली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तो ठिपका सापडला. तेव्हापासून ते म्हणतात, "बाजारात शब्दाला किंमत, इथं टिंबाला."

आमच्या घरातले थोरले मथळे आणखी एक किस्सा सांगतात. सगळ्यात पहिल्या पानाचा मथळा आयुबभाईंनी लिहिला तो असा: 'अल्लाच्या मेहेरबानीनं आणि मायबाप गिऱ्हाइकांच्या आशीर्वादानं चालणारं आयुबभाईंचं खात्रीशीर शेळी विक्री केंद्र, लोहारा.' निळ्या ओळीत जागा असते वीतभर. 'मायबाप'पर्यंत आलं आणि पुढं तीन टिंबं. एका माणसाचा फोन आला, "इथं लग्नं जमवता का हो?"

आयुबभाई हसले, पण गोष्ट मनात धरली. भाजीवाली बाजारात आधी 'मेथी' म्हणून ओरडते, स्वतःचं नाव ओरडत नाही. तेव्हापासून आमच्या घराचा कायदा ठरला: माल पुढं, दुकान मागं, मध्ये एक उभी रेघ.

माझा जन्म माकणीचा. तेरणेच्या धरणाजवळचं ते गाव. तिथं बिरूमामा आणि सिताबाई राहतात. जन्म शेळ्यांमागं गेलेली माणसं. यंदा बिरूमामा बांधावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर रान विसरा. सिताबाईंचे गुडघे आधीच संपावर. नऊ माद्या दावणीला आणि चारायला न्यायला कुणी नाही. सिताबाईंच्या दिरानं एक व्यापारी ठरवला होता. पंधरा दिवसांनी, शुक्रवारी टेम्पो घेऊन येणार आणि नऊच्या नऊ कापायला उचलून नेणार.

सिताबाईंनी आयुबभाईंना बोलावून घेतलं. पान उघडून आयुबभाई बसले होते आणि मथळ्याच्या जागी 'शीर्षक नाही' एवढंच होतं. तो मी. अजून नाव न ठेवलेला.

"बोकडं म्या खाटकालाच देते, आयुबभाई," सिताबाई सांगत होत्या. "बोकड त्यासाठीच असतंय, त्यात रडायचं काय? पण ह्या माद्या माझ्या आईच्या शेळीच्या वेलातल्या हायेत. जुळी, तिळी देत्यात. ह्या पाळणाऱ्याच्या दावणीला जाव्यात. टेम्पो यायच्या आत कुणीतरी बघा."

"बघतो की, मावशी. हे पान झालं की इथून कोल्हापूरपर्यंत दिसतंय."

"काय लिवताव?"

"'उस्मानाबादी शेळ्या, नऊ माद्या, माकणी.'"

"आन् कुणाच्या? आभाळातनं पडल्या का?"

खाटेवरून बिरूमामा म्हणाले, "लिवा हिचं नाव. न्हायतर मलाबी आज जेवाय मिळायचं न्हाय, आन् तुमालाबी चहा."

म्हणून मी झालो: 'उस्मानाबादी शेळ्या | माकणीच्या सिताबाईंच्या | लोहारा, जि. धाराशिव'. सिताबाईंना वाचता येत नाही. आयुबभाईंनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्यांनी ते पुन्हा म्हणून बघितलं. आपलं नाव कुणी इतक्या चवीनं म्हणतं, तेव्हा काय वाटतं हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मी बाहेर निघालो. पण दारात एक गाळणी होती.

ती गाळणी आयुबभाईंनीच आदल्या आठवड्यात बसवली होती. जिल्ह्याचं सरकारी नाव बदललं, त्याला काही काळ झाला होता. आमच्या घरातल्या त्रेचाळीस मथळ्यांच्या शेपटाला मात्र अजून 'जि. उस्मानाबाद' होतं. आयुबभाईंचा हिशोब सरळ: सरकारी कागदावर जे नाव तेच पत्त्यावर हवं, नाहीतर कुरिअरवाला फिरत बसतो. त्रेचाळीस पानं हातानं कोण दुरुस्त करणार? त्यांनी त्या फाइलीत दोन ओळी लिहिल्या. मथळा घराबाहेर पडताना या ओळींमधून गाळून जाईल. त्यात 'उस्मानाबाद' दिसलं की काढायचं आणि तिथं 'धाराशिव' ठेवायचं. टिंब चुकलं नाही, अर्धविराम चुकला नाही. पहिल्या झटक्यात चाललं. आयुबभाईंच्या बेगम सबिहाभाभींनी त्या दिवशी शिरखुर्मा केला होता असं म्हणतात, पण तो बहुधा दुसऱ्या कारणानं असावा.

मी गाळणीतून गेलो. माझ्या पुढच्याच शब्दात तिला 'उस्मानाबाद' दिसलं. तिनं ते उचललं, 'धाराशिव' ठेवलं. मागं उरली ती एकटी वेलांटी. ती बिचारी कुठं जाणार? पुढं जो 'व' उभा होता त्याला जाऊन चिकटली.

मी जगासमोर आलो तो असा: 'धाराशिवी शेळ्या | माकणीच्या सिताबाईंच्या'.

मला काही खटकलं नाही, खरं सांगतो. नवजात बाळाला आपलं नाव काय ठेवलंय हे कळतं थोडंच? माझ्या आजूबाजूचे थोरलेही तसेच झाले होते. धाराशिवी बोकड, धाराशिवी करडं, धाराशिवी शेळीचा आहार. मला वाटलं, हेच आपलं आडनाव.

आयुबभाईंनाही दिसलं नाही. ते पान फोनवर उघडून बघायचे. फोनवर पानाच्या आतलं मोठं नाव दिसतं आणि ते जसंच्या तसं बरोबर होतं. गाळणी फक्त दारावर होती, घरात नव्हती. आपल्याच दुकानाची पाटी रस्त्याच्या पलीकडं जाऊन वाचणारा दुकानदार मी तरी अजून ऐकलेला नाही.

फोन थंडावले. रोज दहा-बारा यायचे, ते एकावर आले, आणि तो एकही गावातलाच, चहाला बोलावणारा. मला नवल वाटायचं. माणसं यायची, माझ्याशी थबकायची, आणि पुढं जायची. का जातात? काय शोधतात? मी नीट उभा आहे, रेघा जागेवर आहेत, तीन टिंबंसुद्धा लागलेली नाहीत. खूप दिवसांनी उमगलं. पिढ्यान् पिढ्या माणूस ज्या नावानं शेळी ओळखतो, ते नाव शोधत तो येतो. 'धाराशिवी' वाचलं की त्याला वाटतं, ही कुठलीतरी संकरित भानगड. आपल्याला अस्सल हवी.

सबिहाभाभी म्हणाल्या, "क्या हुआ जी, फोन ने रोजा रखा क्या?"

"ऊन लई आहे," आयुबभाई म्हणाले. "लोक बाहेर पडत न्हाईत."

"फोन करायला बाहेर कशाला पडावं लागतं?"

आयुबभाईंनी फोन चार्जिंगला लावला. इकडं माकणीहून सिताबाईंचा रोज निरोप. शेजारच्या सुनेच्या फोनवरून. "आला का कुणी?" मग, "अजून न्हाय?" मग नुसतंच, "बरं." शुक्रवार चार दिवसांवर आला, आणि त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला ऐकू येत होतं.

सोमवारी एक फोन आला. कर्नाटकातल्या आळंदहून. नाव शरणबसप्पा. त्यांचा आवाज फिर्याद घेऊन आल्यासारखा.

"नमस्कार री. ती धाराशिवी शेळी तुमच्याकडंच आहे का?"

आयुबभाईंना ऐकू आलं 'धाराशिवची'. "व्हय, धाराशिवचीच. एकदम अस्सल."

"अस्सल?"

"कुठंबी चौकशी करा. तीन पिढ्यांची हाय."

"तीन पिढ्यांची! बरं री. गुरुवारी येतो. बघायचंच आहे मला."

आयुबभाई खूश. गिऱ्हाईक एकच, पण बोलण्यावरून पक्कं. त्यांना काय माहीत, तो माणूस खरेदीला नव्हे, भांडायला येत होता. शरणबसप्पांना दोन वर्षांपूर्वी कुणीतरी 'नवी जात' म्हणून भलत्याच शेळ्या गळ्यात मारल्या होत्या. तेव्हापासून कुठंही नव्या जातीचं नाव दिसलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गुरुवारी ते आले. आयुबभाई त्यांना घेऊन माकणीला गेले. दावणीपाशी गेल्यावर शरणबसप्पांनी एकेका शेळीचे कान ओढून बघितले, दात बघितले, कास बघितली, आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ही तर उस्मानाबादी आहे!"

"मग?" आयुबभाई म्हणाले. "दुसरी कुठली असणार?"

"मग धाराशिवी कोणती?"

"कोण धाराशिवी?"

शरणबसप्पांनी आपला फोन काढला आणि आयुबभाईंच्या नाकासमोर धरला. त्या फोनात मी होतो. पहिल्यांदाच मालकानं मला दाराबाहेरून बघितलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला, तो मला चांगलाच ऐकू आला.

"काय लिवलंय?" सिताबाईंनी विचारलं.

"धाराशिवी शेळ्या, मावशी."

सिताबाई अशा हसल्या की खुंट्याला बांधलेली एक शेळी दचकून ओरडली. "आवं आयुबभाई, जिल्ह्याचं नाव सरकारनं बदललं. शेळीला कुणी राजपत्र दाखवलं?"

शरणबसप्पा मात्र हसले नाहीत. "नावातच एवढा घोळ करणारा माणूस वय सांगताना काय करेल? चलतो री," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

इथं दुसरा एखादा व्यापारी गयावया करत बसला असता, नाहीतर गरम झाला असता. आयुबभाईंनी चहा मागवला. "जा खुशाल. पण पाच मिनिटं बसा आणि माझी चूक कुठं झाली ती बघून जा. परत कुणी फसवलं तर तुम्हाला कळंल तरी, ही लबाडी हाय का बावळटपणा."

त्यांनी फोनवर ती फाइल उघडली आणि पुढं धरली. "ही माझी गाळणी. हितं लिवलंय, उस्मानाबाद दिसलं की धाराशिव कर. मी पत्त्यासाठी लिवलं. तिनं शेळीला पण धरलं."

"ती वेलांटी कुठून आली मग?"

"उस्मानाबादीची. 'द' गेला, वेलांटी ऱ्हायली."

शरणबसप्पा खाली बसले. त्यांना आता खरोखर कुतूहल वाटायला लागलं होतं, आणि कुतूहल असलेला माणूस उठून जात नाही. "दोन ओळींनी सगळी पानं बदलली?"

"सगळी. आता बघा." आयुबभाईंनी 'उस्मानाबाद'च्या आधी 'जि.' घातलं, आणि 'धाराशिव'च्या आधीही तेच. "आता आधी 'जि.' असंल तरच हात लावायचा. पत्ता असंल तर बदल, शेळी असंल तर गप ऱ्हा." अर्धविराम दोनदा तपासला, जतन केलं. "आता तुमच्या फोनात पान उघडा, आणि उघड्या पानांची यादी बघा."

शरणबसप्पांनी उघडलं. मी त्यांच्या हातात होतो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझं नाव परत आलं. 'उस्मानाबादी शेळ्या | माकणीच्या सिताबाईंच्या'. त्यांनी मोठ्यानं वाचलं, मग बोटानं फोन पुसून पुन्हा वाचलं.

"जादूच की री."

"जादू असती तर शोधताना दिसणारं नावबी आत्ताच बदललं असतं. ते जुनंच दिसंल अजून थोडं दिवस. शोधून देणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन नवं नाव वाचून जाईपर्यंत मला शिव्या खायच्या हायेत."

शरणबसप्पा पहिल्यांदा हसले. चपला तिथंच राहिल्या. मग त्यांनी सिताबाईंना विचारलं, कोणती शेळी कशी आहे. सिताबाईंनी आधी खोडच सांगितली. ही दुसऱ्याच्या रानात शिरती, तिला मोकळी सोडू नका. हिला तिळी होत्यात पण तिसऱ्या करडाला वरचं दूध पाजावं लागतं. ही पावसात भिजली की दोन दिवस रुसून बसती. आयुबभाई बाजूला बसून कपाळाला आठ्या घालत होते. माल विकताना खोड सांगायची असते, पण शेवटी. सिताबाईंना तो कायदा ठाऊक नव्हता.

"कापणार तर न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"बाई, मला दूध हवंय आणि करडं हवीत. माझी लेक तुमच्यासारखीच शेळीवेडी आहे."

"नावं हायेत ह्यांची. सांगू?"

"सांगा री. लिहून घेतो."

त्यांच्या गोठ्यात जागा सहाचीच होती. सिताबाईंनी कुठल्या सहा ते स्वतः निवडलं. मायलेकी तोडल्या नाहीत. उरलेल्या तिघींचं काय, असं आयुबभाईंनी विचारलं, तेव्हा खाटेवरून बिरूमामा बोलले, "तिघीच की. अंगणात बांधा. पाला म्या खाटंवरनं टाकतो. हात मोडलं न्हाईत माझं." सिताबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि शेजारच्या सुनेचा फोन मागून घेतला. दिराला म्हणाल्या, उद्या टेम्पो नको.

आता माझं पान. विकलेल्या मालासाठी आयुबभाईंनी आणखी एक ओळ लिहून ठेवलेली आहे: पानावर खूण केली की मथळ्याच्या शेवटी आपोआप 'विकल्या' येतं. सहा शेळ्या पिकअपमध्ये चढल्या, उरलेल्या तिघी पानावरून काढल्या, आणि ते खूण करायला लागले. सवयीप्रमाणं मला वाचून दाखवलं: "'उस्मानाबादी शेळ्या, माकणीच्या सिताबाईंच्या, विकल्या.'"

सिताबाई गाडीमागं उडालेल्या धुरळ्याकडं बघत होत्या. "तसं न्हाय," म्हणाल्या. "तुमच्या थोरल्या लेकीला कुठं दिलं?"

"उमरग्याला."

"विकली म्हणताव का?"

आयुबभाईंचं बोट तसंच अधांतरी राहिलं. मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. "मावशी, लोकांना वाटंल फुकट दिल्या. फोन करून जीव खातील."

"खाऊ द्या की. भाभी म्हणत्यात तो फोनाचा रोजा सुटंल."

त्यांनी फाइल पुन्हा उघडली. एकट्या माझ्यासाठी एक वेगळी ओळ लिहिली. घरातल्या बाकी मथळ्यांना 'विकल्या', फक्त या पानाला हे. अर्धविराम दोनदा तपासला.

आज मी असा आहे: 'उस्मानाबादी शेळ्या | माकणीच्या सिताबाईंच्या | आळंदला दिल्या'. पत्ता गेला, त्याला आता जागा नाही. फुकट शेळ्या मागणारे फोन खरोखर येतात. आयुबभाई त्यांच्याशी गप्पा मारतात, चौकशा करतात, आणि त्यातल्या तिघांना आजवर शेळ्या विकल्यासुद्धा आहेत.

विक्री झाली की पान काढून टाकतात, हा सगळीकडचा रिवाज. माझं काढलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी शरणबसप्पांची लेक तिकडून एखादा फोटो पाठवते आणि आयुबभाई तो माझ्या पानात लावतात. मला तो दिसत नाही, मी दारावरचा. पण शेजारची सून सिताबाईंना फोटो दाखवते तेव्हा मला ऐकू येतं. ही जरा वाळली. हिच्या गळ्यात घंटा बांधली बघ. आन् हिला परत तिळी!

तुम्हीही शोधता शोधता कधी माझ्यापाशी आलात, तर पुढं सरकू नका. विकायला इथं काही उरलेलं नाही. पोरी नांदतायत कशा, तेवढं आत येऊन बघा, आणि जाताना मलाही सांगा.